इंटेल घेऊ की एएमडी? कुडाळच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात आणि व्हॉट्सॲपवर प्रोसेसरबद्दल (कॉम्प्युटरचा मेंदू असलेली चिप, ती बनवणाऱ्या मुख्य कंपन्या इंटेल आणि एएमडी) तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, आता विचारलं की लिंक पाठवणार. हे इथल्या लोकांसाठी आहे, म्हणजे देवबागचे होमस्टेवाले, देवगडचे बागायतदार, वेंगुर्ल्याचे काजूवाले, सावंतवाडीची कॉलेजची पोरं. पुण्यामुंबईत एसीत बसून रिव्ह्यू करणाऱ्यांचा हिशोब वेगळा असतो, त्यांच्या व्हिडिओत लाइट कधी जात नाही.

एका शब्दात सांगा, इंटेल की एएमडी?

एका शब्दात जमणार नाही. कंपनी बघून घ्यायचे दिवस गेले, मॉडेल नंबर बघून घ्यायचं. दोघांकडे मस्त प्रोसेसर आहेत आणि दोघांकडे जुना माल नवीन डब्यात घातलेलाही आहे. मी गिऱ्हाइकाला उलटा प्रश्न विचारतो, लाइट गेल्यावर किती वेळ काम चालू राहायला पाहिजे? त्या उत्तरावरून अर्धी यादी तिथेच कटते.

आमच्या वेळी सगळीकडे इंटेलच असायचं, हे एएमडी मध्येच कुठून आलं?

मध्येच नाही हो, इंटेल १९६८ ची आणि एएमडी १९६९ ची, जवळपास एका वयाच्या कंपन्या आहेत. आयबीएमने १९८१ ला पीसी काढला त्यात इंटेलचा ८०८८ प्रोसेसर होता, पण आयबीएमला एकाच सप्लायरच्या भरवशावर राहायचं नव्हतं, दुसरा पाहिजेच म्हणाले, त्यामुळे १९८२ ला इंटेलने एएमडीशी करार केला आणि स्वतःचंच डिझाइन बनवायची परवानगी दिली. म्हणजे आजचा हा प्रतिस्पर्धी इंटेलनेच सही करून उभा केलाय. मग पुढची वीसेक वर्षं दोघं कोर्टात आणि बाजारात भांडतायत. मार्च २००० मध्ये १ गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला एक अब्ज ठोक्यांचा, प्रोसेसर एएमडीने इंटेलच्या दोनच दिवस आधी जाहीर केला. २००३ ला ६४ बिटचं डिझाइन एएमडीचं चाललं आणि इंटेलला तेच उचलावं लागलं, म्हणजे तुमच्या इंटेलवाल्या लॅपटॉपवर जे ६४ बिट विंडोज चालतं त्याचा पाया एएमडीचा आहे, हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. २००९ ला इंटेलने भांडण मिटवायला एएमडीला सव्वा अब्ज डॉलर दिले.

पण खरी गंमत त्यानंतरची आहे. २०११ ला एएमडीचा बुलडोझर प्रोसेसर आला आणि सपशेल आपटला, कंपनी बुडायच्या बेतात आली, आणि इंटेलला समोर कोणी उरलंच नाही. मग काय झालं बघा. २००७ ला घरगुती डेस्कटॉपला इंटेलचे चार कोअर, म्हणजे एका चिपमध्ये एकाच वेळी राबणारे चार कामगार, मिळत होते, आणि २०१७ च्या जानेवारीत आलेल्या आय७ ७७००के मध्ये पण चारच! दहा वर्षं! मार्च २०१७ ला एएमडीचा रायझन आला, त्यात ४९९ डॉलरला आठ कोअर, तेव्हा इंटेलचा आठ कोअरवाला हजार डॉलरच्या वर होता. त्याच ऑक्टोबरात इंटेलने सहा कोअर दिले, पुढच्या वर्षी आठ, आणि आय३ जो जन्मापासून दोन कोअरचा होता तो चारचा झाला. इंजिनिअर तेच होते, कारखाने तेच होते, फक्त शेजारी दुकान उघडलं होतं. लिसा सू नावाच्या बाई २०१४ पासून एएमडीच्या प्रमुख आहेत, कंपनी वर काढायचं श्रेय बहुतेक लोक त्यांनाच देतात आणि मला ते पटतं.

गिगाहर्ट्झ जास्त म्हणजे फास्ट ना?

नाही. ही शर्यत २००४ लाच संपली. पेंटियम ४ च्या जमान्यात इंटेलला वाटत होतं असंच वाढवत वाढवत १० गिगाहर्ट्झपर्यंत जाऊ, पण चिप एवढी तापायला लागली की ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ सुद्धा रद्द करावा लागला. तेव्हापासून भांडण वेगळं आहे, एका ठोक्यात किती काम होतं, कोअर किती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यासाठी वीज किती खाल्ली. डब्यावर ४.७ लिहिलेलं असतं ते थोडा वेळ, एखाद्या कोअरवर, गार असताना. आपल्याकडे मे महिन्यात गार काय असतं ते तुम्हीच सांगा.

तुम्ही सारखं वॅट वॅट करता, त्याचं एवढं काय?

कारण कोकणात तोच आकडा पैसे वाचवतो आणि नेमका तोच कोणी विचारत नाही.

साधा हिशोब करा. लॅपटॉपची बॅटरी साधारण ५० ते ६० वॅट-अवर असते. स्क्रीन वगैरे धरून मशीन ८-१० वॅट घेत असेल तर पाच-सहा तास चालतं, आणि तेच काम करताना ३० वॅट घेत असेल तर दोन तासात खेळ खलास. पावसाळ्यात फांदी पडून लाइट गेली आणि सबस्टेशनला कोणी फोन उचलत नाही अशा वेळी हा फरक कळतो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा किनाऱ्याच्या कितीतरी गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती, ती आठवण असलेला माणूस आता माझ्याकडे येऊन आधी बॅटरीचंच विचारतो.

डेस्कटॉपचं पण तेच. इंटेलचा आय९ १४९००के फुल लोडला २५३ वॅटपर्यंत खातो, एकटा प्रोसेसर! ६०० व्हीएचा छोटा यूपीएस मोजून ३६० वॅटचा असतो, त्यावर मॉनिटर आणि ग्राफिक्स कार्ड टाकलं की लाइट गेल्याबरोबर यूपीएस पण ओरडून बंद. बिलिंगला आणि टॅलीला ६५ वॅटचा साधा रायझन किंवा आय३, आय५ घेतला तर तोच यूपीएस निवांत अर्धा तास काढतो.

तिसरी गोष्ट उष्णता. खाल्लेला प्रत्येक वॅट शेवटी उष्णताच होतो, ती बाहेर टाकायला पंखा लागतो आणि पंखा बाहेरची हवा आत ओढतो. समुद्राकाठी त्या हवेत मीठ आणि ओल. देवबाग-तारकर्लीचे लॅपटॉप मी उघडतो तेव्हा पंख्यात हिरवट पूड आणि कनेक्टर काळे पडलेले असतात, तेच कणकवलीचा त्याच वयाचा लॅपटॉप बरा निघतो. प्रोसेसर १०० डिग्रीच्या आसपास गेला की जीव वाचवायला स्वतःच स्पीड उतरवतो, म्हणजे पैसे महागड्या चिपचे दिले आणि चाललं स्वस्तातल्यासारखं.

आणि नशीब असं की सध्या कंपन्यांचं मुख्य भांडणच वॅटवर चाललंय. नोव्हेंबर २०२० ला ॲपलने इंटेलला सोडून स्वतःचा एम१ प्रोसेसर आणला, बिनपंख्याचा लॅपटॉप दिवसभर चालवून दाखवला आणि बाकी सगळ्यांची झोप उडाली. २०२४ च्या जूनमध्ये क्वालकॉमचे स्नॅपड्रॅगन एक्सवाले विंडोज लॅपटॉप आले, जुलैत एएमडीचा रायझन एआय ३००, सप्टेंबरात इंटेलचा लूनार लेक, म्हणजे कोअर अल्ट्रा २००व्ही, ज्याचा बेस, म्हणजे नेहमीचा खप, १७ वॅट आणि जास्तीत जास्त ३७. चार महिन्यांत तीन! ही स्पर्धा कोणी कोकणासाठी केलेली नाही, पण फायदा आपल्याला इतरांपेक्षा जास्त आहे.

"आय फाइव म्हणजे आय फाइव ना रे, मग ह्या दोन लॅपटॉपात एवढो फरक कित्याक?"

प्रश्न आलाय तसाच ठेवला. आय५ हे आडनाव आहे, माणूस वेगळा. आय५ १३३५यू चा बेस १५ वॅट, त्यात दोन मोठे आणि आठ छोटे कोअर. आय५ १३४२०एच चा ४५ वॅट, चार मोठे, चार छोटे. एच वाला एडिटिंगला भारी, पण बॅटरी पटकन पितो आणि पंखा जोरात फिरवतो. शेवटचं अक्षर आधी बघा, यू आणि व्ही म्हणजे कमी वीज, एच आणि एचएक्स म्हणजे जास्त.

एएमडीत याहून चलाखी आहे. रायझन ५ ७५२०यू, ७५३०यू, ७५४०यू, वाचायला सख्खी भावंडं, पण या मालिकेत तिसरा आकडा बघायचा असतो, २ म्हणजे २०१९ सालचं झेन २ डिझाइन आणि फक्त चार कोअर, ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४. देवगड छापलेल्या पेटीत कर्नाटकचा आंबा, तसलाच प्रकार, आंबा खराब नसतो पण भाव देवगडचा लावतात. इंटेल पण साधी नाही, २०२३ च्या शेवटी आय३, आय५, आय७ ही नावं हळूहळू बंद करत कोअर अल्ट्रा सुरू केलं, आणि त्यात अल्ट्रा नसलेला कोअर ५ २१०एच घेतला तर आत जुनंच रॅप्टर लेक डिझाइन. २०२६ च्या जानेवारीत आलेला रायझन एआय ४०० पण आतून झेन ५ च, आधीच्यासारखा. स्पर्धा वाढली की चांगला माल येतो हे खरंय, पण नावांचा गोंधळ पण त्याच स्पर्धेतून येतो, कारण दर वर्षी काहीतरी नवीन दाखवावं लागतं.

स्नॅपड्रॅगन तर मोबाईलमध्ये असतो, लॅपटॉपला चालेल का?

चालतो, आणि बॅटरी खरंच भारी. मोबाईलचीच जात, आर्म म्हणतात तिला, इंटेल-एएमडीची जात एक्स८६. जुनी विंडोजची सॉफ्टवेअर त्यावर भाषांतर होऊन चालतात, ब्राउझर, ऑफिस, झूम सगळं ठीक.

अडतं ते ड्रायव्हरवर. ॲपचं भाषांतर होतं, ड्रायव्हरचं होत नाही, तो आर्मसाठी वेगळा बनवलेलाच लागतो. म्हणून सेतू केंद्रवाल्यांनो, बोटाचे ठसे घ्यायचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन, जुना पासबुक प्रिंटर, यातल्या एकेकाचा आर्म ड्रायव्हर आहे का ते कंपनीला विचारल्याशिवाय स्नॅपड्रॅगन घेऊ नका. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे जुन्या डीटीपीचा डोंगल असतो, त्यांनी तर नाव पण काढू नका. नुसते बुकिंग, मेल आणि फोटो बघणाऱ्या होमस्टेवाल्याला मात्र मी डोळे झाकून सांगेन, घे.

ॲपल?

मॅकबुक एअरमध्ये २०२० पासून पंखाच नाही, म्हणून खारी हवा आत ओढली जात नाही, किनाऱ्यासाठी हा मोठा गुण. पण बिघडला तर सर्व्हिसला गोवा किंवा कोल्हापूर गाठायची तयारी ठेवा, आणि टॅली, सरकारी पोर्टलचे टोकन वगैरे असेल तर नकोच.

सगळे एकमेकांचे दुश्मन, पण म्हणे चिप एकाच कारखान्यात बनते?

बऱ्यापैकी खरंय, आणि मला यातला हा भाग सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. तैवानची टीएसएमसी, १९८७ ला मॉरिस चँग यांनी काढली, नियम एकच, स्वतःच्या नावाची चिप विकायची नाही, दुसऱ्यांची बनवून द्यायची. एएमडीने २००९ ला स्वतःचे कारखाने वेगळे काढून टाकले, आता तिचे मुख्य प्रोसेसर टीएसएमसी बनवते. ॲपलचे तिथे, स्नॅपड्रॅगन एक्स तिथे, ग्राफिक्स चिपवाल्या एनव्हिडियाचे एआयवाले तिथे. इंटेल अभिमानाने म्हणायची आमचं आम्ही बनवतो, पण १४ नॅनोमीटरवर (हा आकडा जितका कमी तितकी चिपची छपाई बारीक) २०१५ पासून २०२१ पर्यंत डेस्कटॉपला अडकून पडली, १० नॅनोमीटरला वर्षानुवर्षं उशीर झाला, आणि लूनार लेकचा प्रोसेसर भाग शेवटी टीएसएमसीकडेच बनवून घेतला! त्या सगळ्या कारखान्यांना सगळ्यात बारीक छपाईची मशीन देणारी कंपनी जगात एकच, नेदरलँड्सची एएसएमएल. म्हणजे वर पाच-सहा ब्रँडची मारामारी आणि खाली एक कारखाना, त्याच्या खाली एक मशीनवाला. दुकानदार म्हणून मला त्या तळाची जास्त काळजी वाटते, तिथे अडलं तर इंटेल काय नि एएमडी काय, माल कोणाचाच येणार नाही.

इंटेल बुडणार का? माझ्या लॅपटॉपचं काय होईल?

तुमच्या लॅपटॉपचं काही होत नाही. कंपनीचे हाल झालेत हे खरं. डिसेंबर २०२४ ला प्रमुख पॅट गेलसिंगर गेले, मार्च २०२५ ला लिप-बू टॅन आले, ऑगस्टमध्ये अमेरिकन सरकारनेच जवळपास १० टक्के हिस्सा घेतला, सप्टेंबरात एनव्हिडियाने पाच अब्ज डॉलर घालायचं जाहीर केलं. जिला सरकार आणि एनव्हिडिया दोघं धरून बसलेत ती एवढ्यात जात नाही. जानेवारी २०२६ ला आलेला पँथर लेक प्रोसेसर इंटेलने स्वतःच्या १८ए पद्धतीने ॲरिझोनात बनवलाय, तो चालायला हवा असं मला मनापासून वाटतं, इंटेलच्या प्रेमापोटी नाही, पण एएमडी एकटी उरली तर ती पण दहा वर्षं तेच विकेल.

इंटेलची १३वी-१४वी जनरेशन खराब आहे असं ऐकलं.

अर्धं खरं. डेस्कटॉपच्या जोरदार मॉडेलमध्ये व्होल्टेज जास्त जाऊन चिप हळूहळू कमकुवत होत होती, गेम क्रॅश, विंडोज हँग. इंटेलने २०२४ च्या ऑगस्टपासून मायक्रोकोडचा, म्हणजे चिपच्या आतल्या सूचना बदलणारा, इलाज दिला आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. लॅपटॉपच्या प्रोसेसरला हा प्रॉब्लेम नाही असं इंटेलचं म्हणणं. तुमच्याकडे १३वा-१४वा आय७, आय९ डेस्कटॉप असेल तर बायोस (बोर्डावरचं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या, आधीच खराब झालेला मात्र अपडेटने सुधरत नाही. अपडेट करताना यूपीएस लावा, मध्येच लाइट गेली तर बोर्ड पण गेला.

एआय पीसी घ्यायचा का?

नुसत्या स्टिकरसाठी नको. मायक्रोसॉफ्टने कोपायलट प्लस या आपल्या एआय पीसीच्या शिक्क्याला ४० टॉप्सचा (सेकंदाला ४० लाख कोटी गणितं) एनपीयू, म्हणजे एआयसाठीचा चिपमधला वेगळा भाग, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेज अशी अट घातली. चॅटजीपीटी वगैरे जे तुम्ही वापरता ते तिकडे सर्व्हरवर चालतं, त्याला तुमचा एनपीयू लागत नाही. या अटीचा एक फायदा झाला, कंपन्यांना ८ जीबीवरून १६ वर यावं लागलं.

एवढी स्पर्धा आहे तर भाव वाढले का?

प्रोसेसरमुळे नाही, रॅममुळे. २०२५ च्या शेवटापासून मेमरीचे भाव भडकलेत, कारण रॅम बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मुळात तीन, सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, आणि तिघी एआयच्या डेटा सेंटरला माल देण्यात गुंतल्यात. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ ला क्रुशियल हा घरगुती ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. लोक प्रोसेसरवर तासभर घासाघीस करतात आणि बिल फुगतं रॅम-एसएसडीत. उगाच माझ्यावर चिडू नका.

सेकंड हँड लॅपटॉप स्वस्तात मिळतोय, आय७ आहे, घेऊ?

कितवी जनरेशन ते बघा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला साधारण इंटेलची ८वी जनरेशन किंवा रायझन २००० पासून पुढे लागतं, त्यामुळे कंपन्यांनी टाकून दिलेले ६व्या-७व्या जनरेशनचे आय७ मुंबईहून ढिगाने येतायत. आय७ ७५००यू मध्ये दोनच कोअर, आय५ ८२५०यू मध्ये चार. नावाने छोटा तो कामाने मोठा, आणि विंडोज ११ पण रीतसर चालतं.

असेंबल केला, पंखे फिरतात, पण स्क्रीनवर काहीच नाही.

प्रोसेसरच्या मॉडेलच्या शेवटी एफ आहे का? १२४००एफ वगैरे? एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लागतं. साध्या रायझन ५६०० ला पण एफ नसून ग्राफिक्स नाही, ५६००जी ला आहे. ऑनलाइन हजार-दोन हजार वाचवायला गेलेली पोरं हमखास इथे अडकतात.

भारतात बनणार म्हणे?

गुजरातेत धोलेराला टाटा आणि तैवानच्या पीएसएमसीचा कारखाना होतोय, तिथे २८ नॅनोमीटर आणि त्याहून जाड चिप बनतील, गाडीला, मीटरला, टीव्हीला लागणाऱ्या. लॅपटॉपचा प्रोसेसर नाही. डिझाइन मात्र बरंच बेंगळुरूत होतं, एएमडीचं सगळ्यात मोठं डिझाइन सेंटर तिथेच आहे, सावंतवाडीच्या पोरांनी तिकडे लक्ष ठेवा.

आत्ता घेऊ की नवीन येईपर्यंत थांबू?

नवीन दर सहा महिन्यांनी येतंच. काम अडलं असेल तर घ्या, आणि मागच्या वर्षीची चांगली चिप घ्या, नवीन आल्यावर दुकानदाराला ती काढायची घाई असते.

प्रोसेसर नंतर बदलता येतो का?

लॅपटॉपमध्ये नाही, बोर्डावर सोल्डर केलेला असतो, आणि लूनार लेकमध्ये तर रॅम पण चिपच्या सोबतच चिकटवलेली, १६ किंवा ३२ जे घ्याल ते कायमचं. डेस्कटॉपमध्ये येतो. एएमडीचा एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची खाच) बोर्ड २०१७ ला घेतलेल्यांना २०२२ चा प्रोसेसर बायोस अपडेट करून बसवता आला, एएम५ ला पण निदान २०२७ पर्यंत सपोर्ट देऊ म्हणतात. इंटेल दोन-तीन जनरेशनला सॉकेट बदलते, १२वी, १३वी, १४वी जनरेशन एका बोर्डावर चालतात, कोअर अल्ट्राला नवा बोर्ड. डेस्कटॉप घ्यायचा आणि पुढे वाढवायचा विचार असेल तर सध्या एएम५, आणि येताना जुन्या कॅबिनेटचा फोटो काढून आणा, पॉवर सप्लाय कितीचा आहे ते बघून सांगतो.